छेद सारखा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या खेपेला आपण सममूल्य अपूर्णांक पाहिले. आज त्याच्या पुढची पायरी : भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, आणि त्यासाठी लागणारा सर्वांत लहान सामाईक छेद. शाळेत याला ‘छेदांचा लसावि काढा’ एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. आम्ही स्वतः कितीतरी वर्षं तसंच शिकवलं. पण भंडारा जिल्ह्यातल्या एका व्याख्यानानंतर आमची शिकवण्याची रीत बदलली. ती हकिगत आधी सांगतो, कारण आजचं सगळं गणित तिच्यातूनच निघणार आहे.

व्याख्यान संपलं, लोक उठले, आणि एक बाई वहीचा घडी घातलेला कागद घेऊन आमच्याजवळ आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, धानाची शेती करणाऱ्या. नवरा वारलेला, पदरी एक मुलगा आणि एक मुलगी. कागदावर घरातल्याच कुणीतरी शेतीच्या वाटणीचा हिशोब मांडला होता. त्या म्हणाल्या, “सर, सासूबाईचा हिस्सा वाढाले पायजे होता. तो कमी काहून झाला जी?”

कागदावरची कथा अशी. सासरे वारले तेव्हा जमीन होती २ हेक्टर ४० आर, म्हणजे २४० आर. जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली, मृत्युपत्र नाही. वारस चार : त्यांची बायको, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे चौघांना सारखा, म्हणजे प्रत्येकी १/४ हिस्सा. पुढे धाकटा मुलगा वारला, म्हणजे या बाईंचा नवरा. त्याच्या १/४ चे वारस पुन्हा चार : त्याची आई, बायको, मुलगा आणि मुलगी. म्हणून प्रत्येकाला १/४ चा चौथा भाग, म्हणजे १/१६. (जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असती तर मांडणी वेगळी झाली असती, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा जन्मतः हक्कही त्यात आला असता. आम्ही वकील नाही. आज फक्त ही सरळ मांडणी घेऊ.)

म्हणजे सासूबाईंकडे नवऱ्याकडून १/४ आला आणि मुलाकडून १/१६. दोन्ही मिळून किती? कागदावर लिहिलं होतं :

१/४ + १/१६ = २/२०

वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. २/२० म्हणजे १/१०. आता बघा, सासूबाईंकडे आधीच चौथा हिस्सा होता. त्यात आणखी भर पडली, आणि उत्तर आलं दहावा हिस्सा. ६० आरची मालकीण आणखी जमीन मिळाल्यावर २४ आरवर आली! बाईंना छेद-अंश काही आठवत नव्हतं, पण वाढायला हवं ते घटलं, एवढं त्यांच्या बरोबर ध्यानात आलं. आमच्या मते गणितातली सर्वांत महत्त्वाची समज हीच, बाकी सगळी रीत.

ही चूक कुणी मुद्दाम केली असं आम्ही म्हणत नाही. पाचवी-सहावीच्या वर्गात ती दर वर्षी होते. ती का होते ते समजून घेतलं की लसावि आपोआप समजतो.

‘छेद’ या शब्दाकडे बघा. छेद म्हणजे काप. एका वस्तूचे किती सारखे काप केले ते छेद सांगतो, आणि त्यातले आपल्याकडे किती आले ते अंश सांगतो. म्हणजे मोजणी फक्त अंशाची असते. छेद मोजायचाच नसतो, तो तुकड्याची जात सांगतो. आपल्याकडच्या जुन्या गणितात अपूर्णांकांच्या प्रकारांना ‘जाती’च म्हटलेलं आहे. १/४ हा एका जातीचा तुकडा, १/१६ हा दुसऱ्या. दोन तुकडे आहेत हे खरं, पण दोन ‘कशाचे’? याला उत्तर नाही. म्हणून बेरीज अडते.

तिथेच बाकावर एक आजोबा बसले होते. आम्ही फळ्यावर काही लिहायच्या आत ते म्हणाले, “चार आणे अन् एक आणा, पाच आणे झाले ना.” झालं! गणित सुटलं. रुपयाचा पाव म्हणजे चार आणे, रुपयाचा सोळावा भाग म्हणजे एक आणा, आणि दोन्ही मिळून पाच आणे, म्हणजे ५/१६. आजोबांनी लसावि काढला नाही. तो त्यांच्या खिशात तयार होता.

इथे थोडं थांबू, कारण भंडाऱ्याकडे हा आणा नुसता पैशाचा नव्हता. हा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता आणि इथे मालगुजारी पद्धत होती. गाव कितीही लहान-मोठं असो, पूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. मालगुजारांचे हिस्से आण्यांत आणि पैंमध्ये सांगत : कुणाचा आठ आणे, कुणाचा पाच आणे चार पै. १९५० च्या कायद्याने ती पद्धत गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले. मागे राहिले ते तलाव, ज्यांना आपण आजही माजी मालगुजारी म्हणून ‘मामा तलाव’ म्हणतो. आणि राहिली बोली. पिकाची ‘आणेवारी’ आता कागदावर ‘पैसेवारी’ झाली असली तरी तोंडी आणेवारीच येते, आणि पूर्ण खऱ्या गोष्टीला आपण अजून ‘सोळा आणे खरं’ म्हणतो.

आता आण्याची रचना बघा. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याच्या १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ चे मूळ अवयव पाडले तर सहा वेळा २ आणि एक वेळ ३. याचा अर्थ अर्धा, पाव, आठवा, सोळावा हे भाग तर पूर्ण पैंमध्ये निघतातच, पण तिसरा, सहावा, बारावा, चोविसावा आणि अठ्ठेचाळिसावाही निघतो. तीन भावांत रुपया वाटायचा? प्रत्येकी ५ आणे ४ पै, बाकी शून्य. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० पैसे झाले. शंभराचे मूळ अवयव २, २, ५, ५. त्यात तीन नाही. आता तिघांत रुपया वाटा : ३३ पैसे प्रत्येकी आणि एक पैसा शिल्लक. दशमान पद्धत हिशोबाला सोपी, यात वाद नाही, पण वाटणीला जुनं नाणं उदार होतं. हेक्टर आणि आर हेही शंभराचंच नातं. एक हेक्टर तिघांत वाटलं की ३३.३३ वर दशांशांची रांग लागते. म्हणून वाटणीच्या कामात आमचा आग्रह असतो : आधी हिस्से अपूर्णांकात पूर्ण मांडा, ताळा करा, आणि मगच आर काढा. आधी आर काढून, ते पूर्ण करून, मग बेरीज करायला गेलात तर शेवटी दोन-चार आरची भांडणं उरतात.

तर सामाईक छेद म्हणजे असं नाणं, ज्यात सगळ्यांचे हिस्से सुट्ट्यांशिवाय चुकते होतात. सर्वांत लहान सामाईक छेद म्हणजे अशा नाण्यांतलं सर्वांत मोठं नाणं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण इथे पोरं गोंधळतात. छेद लहान म्हणजे तुकडा मोठा. चार आणे आणि एक आणा ही रक्कम पैंमध्येही मोजता येते, ४८ पै आणि १२ पै, एकूण ६० पै. चूक काही नाही. पण एक आणा हे नाणं पुरत असताना पै कशाला मोजायची?

इथे एक गोष्ट शिक्षकांना उद्देशून. एखाद्या मुलाने १/४ + १/१६ करताना छेदांचा सरळ गुणाकार केला, ४ × १६ = ६४, आणि १६/६४ + ४/६४ = २०/६४ असं लिहिलं, तर ते बरोबर आहे. २०/६४ ला चाराने भागलं की ५/१६ च येतात. त्याला शून्य देणं अन्याय आहे. लहान छेद घ्यायचा तो उत्तर बरोबर यावं म्हणून नाही, तर आकडे हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून. आकडे मोठे झाले की चुका वाढतात, एवढंच कारण.

आता बाईंच्या कागदाकडे परत. सासूबाईंचा हिस्सा १/१० नाही, ५/१६ आहे. २४० आरचे ५/१६ म्हणजे ७५ आर. कागदावर लिहिले होते २४ आर. फरक ५१ आर, म्हणजे जवळजवळ सव्वा एकर! सव्वा एकर धानाची बांधी एका चुकीच्या बेरजेत कागदावरून नाहीशी झाली. जमीन अर्थात कुठे जात नाही. हिशोबात न आलेली जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याच्याच नांगराखाली राहते.

पुढे सासूबाईही वारल्या होत्या. त्यांच्या ५/१६ चे वारस : थोरला मुलगा, मुलगी, आणि वारलेल्या धाकट्या मुलाची दोन मुलं मिळून त्याचा एक हिस्सा. म्हणजे तीन सारखे भाग. (सुनेला सासूच्या हिश्शातून इथे काही येत नाही. बाईंना हे सांगताना आम्हालाच वाईट वाटलं, पण कायदा तसा आहे.) ५/१६ चा तिसरा भाग ५/४८. नातवंडांना त्याचे निम्मे निम्मे, ५/९६.

आता प्रत्येकाची बेरीज करू. थोरल्या मुलाचा वडिलांकडून १/४ आणि आईकडून ५/४८. इथे छेद ४ आणि ४८. पहिली युक्ती नेहमी हीच : मोठ्या छेदाला लहान छेदाने नि:शेष भाग जातो का बघा. ४८ ला ४ ने भाग जातो, म्हणजे लसावि ४८ च. पुढे काही करायचं नाही. १/४ म्हणजे १२/४८, त्यात ५/४८ मिळवले, १७/४८. मुलीचंही तसंच, १७/४८. प्रत्येक नातवंडाचे वडिलांकडून १/१६ आणि आजीकडून ५/९६. ९६ ला १६ ने भाग जातो, सहा वेळा. म्हणून ६/९६ + ५/९६ = ११/९६. आणि बाईंचा स्वतःचा १/१६.

आता ताळा. छेद ४८, ४८, १६, ९६, ९६. सर्वांना सामावणारा लहानात लहान छेद ९६. तर :

थोरला मुलगा ३४/९६, मुलगी ३४/९६, सून ६/९६, नातू ११/९६, नात ११/९६.

अंशांची बेरीज करा : ३४, ६८, ७४, ८५, ९६. पुरे शहाण्णव. म्हणजे एक, म्हणजे सोळा आणे. आजोबांच्या भाषेत सांगायचं तर ९६ वा भाग म्हणजे दोन पै. थोरल्याचे ५ आणे ८ पै, मुलीचे तेवढेच, सुनेचा १ आणा, नातवंडांचे प्रत्येकी १ आणा १० पै. मिळवून बघा, सोळा आणे होतात.

लक्षात घ्या, ३४/९६ हे आम्ही १७/४८ असं संक्षिप्त केलं नाही. परीक्षेत ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’ म्हटलं तर द्या. वाटणीच्या यादीत मात्र सगळ्यांचा छेद एकच ठेवा, म्हणजे कुणालाही नुसते वरचे आकडे मिळवून ताळा पाहता येतो. सातवी शिकलेल्या बाईलाही येतो, आणि तेच हवं आहे. २४० आरला ९६ ने भागलं की एक भाग अडीच आरचा. थोरला ८५ आर, मुलगी ८५ आर, सून १५ आर, नातवंडं प्रत्येकी साडेसत्तावीस आर. जुन्या कागदाप्रमाणे आजीकडून प्रत्येक नातवंडाला ४ आर येत होते. खरे येतात साडेबारा.

या उदाहरणात प्रत्येक वेळी मोठा छेद लहानाला सामावून घेत होता, म्हणून सोपं गेलं. तसं नेहमी होत नाही. समजा विहिरीवरच्या पंपाचा खर्च तिघांत आहे, एकाचा ५/१२, दुसऱ्याचा ७/१८, उरलेला तिसऱ्याचा. १८ ला १२ ने भाग जात नाही. मग १८ चा पाढा म्हणत जा आणि प्रत्येक ठिकाणी १२ ने भाग जातो का बघा. १८ ला नाही, ३६ ला जातो. लसावि ३६. लहान संख्यांना ही रीत उत्तम आहे. कागदही लागत नाही.

मोठ्या संख्यांना आम्हाला आवडते ती भास्कराचार्यांची रीत. ‘लीलावती’ ११५० ची. त्यात समच्छेद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक अपूर्णांकाच्या अंश-छेदाला दुसऱ्याच्या छेदाने गुणा. दुसरा शहाण्यांसाठी म्हणून सांगितला आहे : आधी दोन्ही छेदांना त्यांच्या सामाईक विभाजकाने भागून लहान करा, मग त्या लहान झालेल्या छेदांनी एकमेकांना गुणा. करून बघू. १२ आणि १८ यांचा मसावि ६. भागल्यावर १२ चे उरले २, १८ चे उरले ३. आता अदलाबदल : ५/१२ ला तिनाने गुणा, १५/३६. ७/१८ ला दोनाने गुणा, १४/३६. बेरीज २९/३६, तिसऱ्याचा वाटा ७/३६. लसावि वेगळा काढावाच लागला नाही, तो आपोआप आला.

त्याच्याही आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त लसाविला स्वतंत्र नावच दिलं होतं : निरुद्ध. तोही अपूर्णांकांचे छेद सारखे करण्यासाठीच. म्हणजे ही कल्पना इंग्रजी शाळांबरोबर आली असं जे कधीकधी ऐकू येतं, ते खरं नाही.

भास्कराचार्यांच्या रीतीत एक फसगत मात्र होते. तीन छेद आले की काही जण तिघांचा गुणाकार करतात आणि तिघांच्या मसाविने भागतात. ६, १०, १५ घ्या. तिघांना सामाईक असा विभाजक फक्त १, म्हणून गुणाकार ९०० च राहतो. पण खरा लसावि आहे ३०. तेव्हा दोन-दोन घेऊन चला : ६ आणि १० चा ३०, मग ३० आणि १५ चा ३०. मूळ अवयव पाडूनही तेच येतं : ६ म्हणजे २ × ३, १० म्हणजे २ × ५, १५ म्हणजे ३ × ५. जो जो अवयव कुठल्याही एका छेदात जास्तीत जास्त जितक्या वेळा येतो तितक्या वेळा घ्यायचा. २, ३, ५ एकेकदा, गुणाकार ३०. आणि लसावि घेतला म्हणजे उत्तर संक्षिप्तच येईल असंही नाही : १/६ + १/१० = ५/३० + ३/३० = ८/३०, म्हणजे ४/१५.

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे घोकून घेत. भाव काढायला ते फार कामाचे होते. पण त्या सगळ्यांत छेद फक्त दोन किंवा चार. तिसऱ्या भागाचा, पाचव्या भागाचा पाढा त्यांत नाही. आणि वारस काही दोनाच्या पटीत जन्मत नाहीत. आजोबांच्या आण्यालाही इथेच मर्यादा येते. याच कुटुंबातल्या मुलीने तिच्या ३४/९६ चे आपल्या पाच मुलांना सारखे भाग करायचे ठरवले, तर? १९२ मध्ये पाच नाही. रुपया पाच जणांत वाटला तर ३ आणे २ पै आणि वर पैचे दोन पंचमांश. नाणं अडलं. अपूर्णांक अडत नाही : छेदाला पाचने गुणा, ९६ × ५ = ४८०. प्रत्येक मुलाचे ३४/४८०, आणि बाकीच्यांचे अंशही पाचपट : १७०, ३०, ५५, ५५. बेरीज पुन्हा ४८०. एक भाग आता अर्ध्या आरचा, म्हणजे प्रत्येक मुलाचे १७ आर.

तलावाखालची बांधी कुणाला आणि टेकाडावरची कुणाला, हे यातलं काहीच ठरवत नाही. तो प्रश्न मोजणी आणि समजुतीचा आहे. पण कुणाचे किती, हे आधी नक्की असलं तर बोलणी सुरू तरी होतात. बाईंना आम्ही तो कागद ९६ च्या छेदात पुन्हा मांडून दिला आणि मुलाकडून ताळा करून घेतला. तो तेव्हा सहावीत होता. त्याने बोटांवर मोजून ९६ आणले.

घरी करून पाहायला एक उदाहरण : एका जमिनीच्या कागदावर तीन हिस्सेदार आहेत, ३/८, १/६ आणि ५/१२. बेरीज एक येते का पाहा. येत नसेल तर किती कमी पडते, आणि जमीन तीन हेक्टर असेल तर ते किती आर होतात तेही काढा. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्या उत्तराने करू.